लॅमिंग्टन रोडवर एक शनिवार

चिपळूणमध्ये जुनी वस्तू विकत घ्यायची झाली, तर भाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात, "पुराआधीचं की पुरानंतरचं?" फ्रिज असो, शिलाई मशीन असो, स्कूटर असो. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या वस्तूंची अशी दोन गटांत विभागणी झाली आहे. पुरातून निघालेली वस्तू चालते, पण कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. म्हणून ती निम्म्या भावात जाते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्या प्रश्नाला खरं उत्तर मिळेल याची खात्री कुणालाच नसते.

हाच प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आमच्यासमोर उभा राहील, असं मात्र वाटलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. आम्ही दोघंही शिक्षक, एक उर्दू शाळेत आणि एक मराठी. मराठी शाळेला दिवाळीची भरपूर सुट्टी होती. उर्दू शाळेला रमजानमध्ये सुट्टी द्यावी लागते, म्हणून आमच्याकडे दिवाळीत हात आखडता घेतात. दोघांच्या सुट्ट्या जुळून शनिवार तेवढा हाती लागला. रविवार चालणार नव्हता, कारण रविवारी लॅमिंग्टन रोडची दुकानं बंद असतात. ही माहिती आमच्या थोरल्याने आम्हाला किमान दहा वेळा दिली होती.

थोरला अकरावी सायन्सला आहे. ईशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली मुलं कट्ट्यावर बसतात, तिथे पूर्वी क्रिकेटचा विषय असायचा. आता 'सेटअप'चा असतो. सेटअप म्हणजे घरातला कॉम्प्युटर आणि त्याच्याभोवतीचं सगळं, मॉनिटर, कीबोर्ड, हेडफोन, खुर्चीसुद्धा. एकाचे वडील सौदीला आहेत. त्याच्याकडे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि काचेच्या बाजूचा कॅबिनेट. त्यातले दिवे लग्नाच्या मांडवासारखे रंग बदलत राहतात. दुसऱ्याचा भाऊ खेर्डीच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याने दर पगाराला एकेक भाग घेत मशीन उभं केलं. गप्पा सुरू होतात त्या एकाच प्रश्नाने, "तुझ्याकडे किती एफपीएस येतात?"

हे एफपीएस म्हणजे मशीन सेकंदाला किती चित्रं पडद्यावर काढतं तो आकडा. तीसच्या आत गेला की गेम अडखळतो, साठला डोळ्यांना सरळ वाटतो, आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर १४४ चित्रं दिसू शकतात. साठ आणि १४४ मधला फरक आम्ही त्या सौदीवाल्याच्या घरी जाऊन पाहिला. माउस हलवला तेव्हा थोडं काहीतरी लोण्यासारखं जाणवलं, एवढंच. पण आमच्या मुलाचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. आमच्या अब्बांच्या काळी गावात कुणाच्या रेडिओवर सिलोन स्वच्छ लागतं यावरून अशीच चढाओढ असायची. अब्बांनी आंब्यावर एरियलची तार चढवली होती, आणि शेजाऱ्यांनी त्याहून उंच फणसावर. अब्बांच्या मर्फीचा एक व्हॉल्व्ह याच लॅमिंग्टन रोडवरून आला होता, रुमालात गुंडाळून, मांडीवर ठेवून.

आमच्या घरचं मशीन लॉकडाउनमधलं. २०२० मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाली तेव्हा एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला. दिवसा त्यावर आम्ही दोघं आळीपाळीने शिकवायचो. पुढच्या वर्षी कतारच्या मामूंनी पाठवलेल्या ईदीतून मुलाने जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड त्यात बसवलं. तेव्हा नव्या कार्डांना हात लावायची सोय नव्हती. जगभर लोक इथेरियम नावाचं आभासी चलन मिळवायला ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस राबवत होते. त्याला मायनिंग म्हणतात. बाजारातली बरीच कार्डं तिकडे जायची आणि उरलेली छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त भावाने विकली जायची. म्हणून हे छोटं, जुन्या पिढीचं कार्ड. त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, मदरबोर्डातूनच पंचाहत्तर वॅट घेतं आणि गरिबाच्या घरात निमूट नांदतं.

मग पूर आला. आम्ही वरच्या मजल्यावर घरमालकांकडे होतो, कॅबिनेट खाली जमिनीवर. लाइट आधीच गेली होती, म्हणून मशीन बंद होतं. चालू असतं तर सगळंच जळालं असतं. दोन दिवसांनी चिखल उपसताना मुलाने ते बाहेर काढलं. आम्ही गाद्या फेकत होतो, वह्या फेकत होतो, त्याने ते फेकू दिलं नाही. चौदा वर्षांचं पोर! प्रत्येक भाग सुटा करून आधी साध्या पाण्याने गाळ धुतला, मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं स्पिरिटसारखं द्रव आणून टूथब्रशने साफ केला. ऊन नव्हतंच. लाइट आल्यावर पंख्यासमोर आठवडाभर सुकवला. पॉवर सप्लाय गेला, हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर आमचे दहा वर्षांचे फोटो गेले. मदरबोर्ड महिन्याभराने गेला. प्रोसेसर, एक रॅम आणि ते कार्ड वाचलं. कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीवर गंजाची एक आडवी रेघ उमटली होती. जिथवर गाळ साचून बसला, तिथवर.

आता त्याला नवं कार्ड हवं होतं. आमचे पंधरा हजार आणि जुनं कार्ड विकून साडेचार हजार, असा हिशेब त्याने वहीत मांडला होता. गिऱ्हाईकही ठरलं होतं. आमच्याच उर्दू शाळेतला आठवीचा मुलगा. त्याची आई शिवणकाम करते. त्याने विचारलं होतं, "पुराआधीचं की पुरानंतरचं?" आणि आमच्या मुलाने सांगितलं होतं, "नंतरचं."

हे आम्हाला कसं कळलं? निघायच्या आदल्या रात्री तो पॉलिश पेपरने ती गंजाची रेघ घासत बसला होता. दारातून आम्ही दोघांनी पाहिलं. एकमेकांकडेही पाहिलं. आणि आत न जाता स्वयंपाकघरात परत आलो. साडेचार हजार आमच्याही हिशेबात होते, हे लिहायला जड जातं, पण ते खरं आहे.

मध्यरात्रीच्या कोकणकन्येने निघालो आणि पहाटे दादरला उतरलो. नागपाड्याला मुलाच्या फुफीकडे नाश्ता करून, थोडं पडून, साडेदहाला चालत निघालो. फुफी म्हणाली, "एवढ्या लांबून आलात ते एका पंख्याच्या डबीसाठी?" कार्ड तिला पंख्याची डबीच वाटलं, आणि तिचं फारसं चुकलेलंही नाही.

लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव रस्त्याला पडलं. आता पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं आणि लोकांच्या तोंडी लॅमिंग्टनच असतं. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की काही मिनिटांवर. एके काळी हा सिनेमांचा रस्ता होता. पाच वर्षं जिथे 'शोले' चालला ते मिनर्व्हा इथलंच. बाजूने रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं वाढली, मग टीव्हीच्या, कॅसेटच्या आणि शेवटी कॉम्प्युटरच्या. आजही एका दुकानात दोन रुपयांचा रेझिस्टर सुटा मिळतो, आणि शेजारच्यात दीड लाखाचं कार्ड काचेआड ठेवलेलं असतं.

अकराच्या सुमारास शटर वर जायला लागतात. हातगाडीवाले खोके ओढत येतात, फुटपाथवर चार्जर आणि केबलींचे ढीग मांडले जातात. आणि मग मुलं यायला लागतात. मुंब्र्याची, भिवंडीची, विरारची, पाठीला सॅक आणि हातात मोबाइल. मोबाइलमध्ये यादी. तीन-चार दुकानांतून कोटेशनच्या चिठ्ठ्या घ्यायच्या आणि कोपऱ्यावर उभं राहून त्या एकमेकांशी ताडून बघायच्या. अनोळखी मुलंसुद्धा एकमेकांना विचारत होती, "तेरे को किधर कितना बोला?" तारा टेंपल लेनच्या तोंडाशी आमचा मुलगा अशाच दोघांच्या घोळक्यात शिरला आणि पाच मिनिटांत त्यांच्या प्रोसेसरची पिढी, रॅमचा वेग, पॉवर सप्लायचे वॅट, सगळं त्याला तोंडपाठ झालं. वर्गात हीच मुलं समीकरण पाठ होत नाही म्हणून रडतात. पण त्या कोपऱ्यावर कुणी कुणाला हसत नव्हतं, हेही आम्ही पाहिलं. ज्याचं मशीन सगळ्यात जुनं, त्यालाच सगळे सल्ला देत होते.

पहिल्या तीन दुकानांत नवं कार्ड, आरएक्स ६६००, वीस-एकवीस हजारांना सांगितलं. चौथ्यात जरा कमी. "बिल के साथ या बिल के बिना?" हा इथला नेहमीचा प्रश्न. बिलाशिवाय घेतलं तर अठरा टक्के जीएसटीतला काही वाटा सुटतो. आम्ही "बिलासकट" म्हणालो, थोडं ताठ मानेने. मग त्या काउंटरवरच्या पोराने आमच्या मुलाला विचारलं, "एसएमपीएस कौन सा है?" पुरानंतर आम्ही गावातून स्वस्तातला पॉवर सप्लाय बसवला होता. या कार्डाला स्वतंत्र आठ पिनांची वीजजोडणी लागते, ती त्याला नव्हतीच. म्हणजे पॉवर सप्लायही बदलायचा, आणखी तीन-साडेतीन हजार. शिवाय आमचा प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीच्या पिढीचा. कार्ड पळेल आणि प्रोसेसर मागून धापा टाकत येईल. अपग्रेड म्हणतात ते हेच. घरात नवा पडदा लावला की भिंतीचा रंग जुना दिसायला लागतो.

मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा कोपऱ्यावर भेटलेल्यांपैकी एकाने वापरलेल्या कार्डांची जागा सांगितली.

जिना चढून दुसरा मजला. दहा बाय बाराची खोली, त्यात तीन भिंतींना मांडण्या आणि मांडण्यांवर पुस्तकांसारखी उभी लावलेली कार्डं. मधल्या टेबलावर कॅबिनेटशिवायचा उघडा मदरबोर्ड. मालक साठीचे, दाढी पांढरी, नाकावर चष्मा. सलाम झाला. मुलाने जीटीएक्स १६६० सुपर मागितलं. त्यांनी एक काढून टेबलावर ठेवलं आणि आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाले, "माइनिंग का है."

मग स्वतःच सांगत गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवर चालणारी पद्धत एका दिवसात बंद केली आणि ही सगळी कार्डं बाजारात आली. महिनोन्‌महिने अखंड चाललेली. पंखे झिजतात, आतलं पेस्ट सुकतं, मेमरी तापून तापून थकते. या कार्डाचे पंखे बदललेत, पेस्ट नवं आहे. नऊ हजार, पंधरा दिवसांत बिघडलं तर परत, पुढे नशीब. शेजारच्या खोलीत हेच कार्ड 'घर का पीस' म्हणून साडेदहाला मिळेल, तेही त्यांनीच सांगितलं. त्यांनी कार्ड जोडलं आणि तपासणीचा प्रोग्राम लावला. पडद्यावर एक केसाळ कडं गोल गोल फिरायला लागलं आणि कोपऱ्यात तापमानाचा आकडा चढू लागला. "बीस मिनट चलने दो. ज़ोहर पढ़ के आओ." आमच्यातले दोघं मशिदीत जाऊन आले, एक जण आकड्याकडे बघत बसलं. चौऱ्याहत्तर अंशांवर तो थांबला होता, पुढे गेला नाही.

तेवढ्यात मुलाने सॅकमधून जुनं कार्ड काढलं. आठवीतल्या पोराने साडेचार कबूल केले होते. इथे जास्त मिळतात का, एवढंच बघायचं होतं त्याला.

मालकांनी ते उलटं केलं. चकचकीत पट्टीकडे पाहिलंच नाही. स्क्रूच्या खाचांत बारीक गंज होता, पंख्याखालच्या पात्यांमध्ये पांढरट थर होता, तिथे त्यांनी टॉर्च मारला. "पानी में गया था?"

"चालतंय," मुलगा म्हणाला.

"चलता है, वो तो मैं देख लूँगा. मैं पूछ रहा हूँ, पानी में गया था?"

खोलीत त्या कड्याच्या पंख्यांचा आवाज तेवढा होता. आम्ही दोघं, रोज वर्गात 'कुणी केलं, उभं राहा' म्हणणारे, मांडणीवरच्या कार्डांची नावं वाचत होतो. वाचून झाल्यावर परत वाचत होतो.

"हो," मुलगा म्हणाला. मग हळूच, "चिपळूणला. पुरात."

मालकांनी चष्मा वर केला. ते कुर्ल्याचे निघाले. २६ जुलै २००५ ला मिठीचं पाणी त्यांच्या घरात छातीपर्यंत आलं होतं. पाच मिनिटं कार्ड बाजूला राहिलं आणि पाण्याच्याच गोष्टी झाल्या. लाइट कधी गेली, कोण कुठे अडकलं, वास किती दिवस जात नाही. पोराने ते कसं धुतलं हे त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि टूथब्रशचं ऐकून मान हलवली. मग भाव सांगितला, "डेढ़ हज़ार. मैं भी बोल के ही बेचूँगा, इसलिए डेढ़."

मुलाने कार्ड परत सॅकमध्ये ठेवलं. १६६० सुपर घेतलं. खाली येऊन एका बऱ्या कंपनीचा साडेचारशे वॅटचा पॉवर सप्लाय घेतला, तीन हजार दोनशेला. सगळं मिळून बारा हजार दोनशे. वरच्या मालकांनी हाताने लिहिलेल्या बिलावर कार्डाच्या नावापुढे 'माइनिंग यूज़्ड' असं ठळक लिहून दिलं होतं. मुलगा ते बिल पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. कट्ट्यावर दाखवायला काही हे शोभेचं बिल नव्हतं.

परतीच्या गाडीत पनवेल गेल्यावर त्याने विचारलं, "त्याला काय सांगू?"

आम्ही म्हणालो, "तूच ठरव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"पॉलिश पेपरपासून."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. रोह्यापर्यंत एक शब्द नाही. आम्हालाही काही सुचेना. रागावायचा हक्क आम्ही त्या रात्री स्वयंपाकघरातच सोडून आलो होतो. रोहा गेल्यावर तो म्हणाला, "तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं." यावर काय बोलणार! पिशवीतल्या फुफीच्या हातच्या रोट्या आणि कबाब काढले. त्याने खाल्ले, एवढं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी असरनंतर तो आठवीतला पोरगा आला. खिशातून पैसे काढून मोजायला लागला, बऱ्याचशा नोटा शंभराच्या. आमचा मुलगा म्हणाला, "थांब. हे पुराआधीचं आहे. बुडालेलं. मी खोटं बोललो." आम्ही आतल्या खोलीत वह्या तपासत होतो, म्हणजे वह्या उघड्या होत्या.

बराच वेळ आवाज नाही. मग त्या पोराने विचारलं, "चालतं ना पण?"

"आज चालतंय. उद्याचं सांगता येत नाही."

"आमचा फ्रिज पण बुडालेलाच आहे," तो म्हणाला. "अम्मी त्यातच दूध ठेवते." मग जरा थांबून, व्यवहाराच्या आवाजात, "मग साडेचार कशाला देऊ?"

घासाघीस झाली. तो दोन हजारांवर अडून बसला, आमचा अडीचवर. शेवटी दोन हजार दोनशे, आणि मशीनमध्ये बसवून द्यायचं काम आमच्या मुलाचं. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्या घरी गेला तो ईशाला परतला. त्यांचा मॉनिटर जुना, साठ हर्ट्झचाच, पण गेममध्ये बावन्न-त्रेपन्न एफपीएस आले म्हणे. आधी सतरा येत होते.

दोन दिवसांनी उर्दू शाळा उघडली. आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर तो पोरगा डोळे चोळत बसला होता. हजेरीला त्याचं नाव दोनदा घ्यावं लागलं.